जाऊन राहिली

लकडगंज, नागपूर
१२ सप्टेंबर १९६८

प्रिय मुकुंददादा,

सप्रेम नमस्कार.

तुला तार करायला हवी होती. पोस्टात दोनदा गेलेही, पण फॉर्मवर काय लिहायचे ते सुचले नाही आणि परत आले.

आपल्या बालवाडीतली तारा गेली. वय चार वर्षे दोन महिने. पोळ्याच्या आधीच्या मंगळवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास दालनाच्या दाराची कडी काढून ती अंगणात गेली आणि उघड्या फाटकातून रस्त्यावर. उशिरा येणाऱ्या मुलांसाठी फाटक साडेनऊपर्यंत उघडे असते, हे तुला माहीत आहे. समोर तान्ह्या पोळ्याला मुले ओढतात ते लाकडी बैल विकणारा ठेला उभा होता. लाकडाच्या टालावरून सागाच्या बल्ल्या भरून एक बंडी येत होती. बंडीवाल्याने बैल आवरले, पण बल्ल्यांचा दोर सुटला. यापुढचे लिहीत नाही.

समितीची बैठक झाली. अध्यक्ष मनोहरराव म्हणाले, कुठेतरी बोट ठेवावे लागेल, लोक विचारतात. बोट तुझ्या कडीवर ठेवले गेले. 'दाराची कडी लहान मुलांच्या हाताला येईल इतकी खाली बसवलेली असल्यामुळे बालिका बाहेर गेली. ती गेल्याचे कोणाच्याही लक्षात आले नाही.' अहवालातली ही दोन वाक्ये जशीच्या तशी उतरवली आहेत. खाली माझी सही आहे. दुसऱ्या दिवशी सुताराने कडी काढून साडेचार फुटांवर बसवली. खिडक्यांनाही गज लावायचे ठरले आहे.

तुझे नाव अहवालात नाही. पण इमारतीचा नकाशा कोणी काढला ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तुझ्या कानावर हे दुसऱ्याकडून जाऊ नये म्हणून लिहिते आहे.

जुन्या कडीच्या स्क्रूंची चार भोके दारात तशीच आहेत. मुले येता-जाता त्यांत बोट घालतात. मी त्यांना रागावत नाही. रागावण्यासारखे काही वाटत नाही. मला रडू येत नाही, दादा. हा संयम नाही, याची मी खात्री करून घेतली आहे. मी वेळेवर उठते, जेवते, शाळेत जाते. ताराच्या खुंटीवर छत्रीचे चित्र आहे. ते चित्र मीच रंगवले होते. रोज पंचवीस दप्तरे मोजते आणि सव्विसाव्या खुंटीशी थांबते, एवढेच.

आत्याला इतक्यात सांगू नकोस.

तुझी,
चारू


भोपाळ
२३ सप्टेंबर १९६८

चि. चारूस,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण आधी मी जुना नकाशा शोधत होतो. छपन्न साली नागपूरची राजधानी गेली आणि कचेरीबरोबर आम्हीही इकडे आलो, तेव्हापासून माझे कागद पेटीतच पडत आले आहेत. नकाशा सापडला. त्यावर तुझ्या अक्षरात मुलांची नावे आहेत. बासष्ट साली मी रजेवर नागपूरला आलो तेव्हा आपण एकोणीस मुले भिंतीशी उभी करून खडूने रेघा मारल्या होत्या, आठवते? डोक्याची एक रेघ, खांद्याची एक, वर केलेल्या हाताची एक. खिडकीची चौकट दीड फुटावर, पायरी चार इंच, कोनाडे गुडघ्याशी, कडी दोन फूट चार इंचांवर. कचेरीतले लोक हसले होते, मुकुंदराव बुटक्यांचा महाल बांधून राहिले म्हणून. मला फार अभिमान वाटला होता. तीस वर्षांच्या नोकरीत तेवढीच एक इमारत मी माझी म्हणत असे.

तू तेव्हा विचारले होतेस, 'दादा, कडी खाली, मग कुलूप कुठे?' मी सांगितले होते की कुलूप म्हणजे मुलांचा शब्द. बाहेर जाणाऱ्याने सांगून जायचे, आणि तो विसरला तर ज्याने पाहिले त्याने येऊन बाईंना सांगायचे. तू तो नियम गाणे करून शिकवलास. सहा वर्षे तो चालला. म्हणून मला एकच विचारायचे आहे. बाकीच्या पंचवीस मुलांपैकी एकानेही पाहिले नाही? एकही सांगायला आले नाही? आले नसेल तर माझा सगळा हिशेबच चुकला. मुलांवर टाकू नये ते ओझे मी मुलांवर टाकले. मनोहररावांनी बोट योग्य ठिकाणी ठेवले आहे.

पंचफुलाचे पारशिवनीहून पत्र आले होते. गावात बालवाडी मिळाली, जुने धान्याचे कोठार दिले आहे, त्याचे दालन कसे करायचे ते काढून द्या म्हणते. तुझ्या हाताखाली चार वर्षे काम करून गेलेली मुलगी, तिला नाही म्हणता येत नाही. पण आता मी काढेन ते वेगळे काढेन.

आईला सांगितले नाही, तरी तिला काहीतरी कळले आहे. म्हणते, 'चारू जेवून राहिली का नाही, विचार तिले.' तू पुण्याहून बालशिक्षणाचा कोर्स करून आलीस आणि पहिल्याच दिवशी तिला म्हणालीस, 'आत्या, जेवून कुठे राहिली? धर्मशाळेत?' ते ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. हसत सांगते, पण सांगते.

तुझा,
मुकुंददादा


लकडगंज, नागपूर
१४ ऑक्टोबर १९६८

प्रिय मुकुंददादा,

सप्रेम नमस्कार.

आत्याला सांग, मी जेवते.

पुण्यात मुली मला तो प्रश्न विचारत. पहिल्या दिवशी मी म्हटले, 'मी नागपूरहून येऊन राहिली,' म्हणजे आपल्या बोलीत येते आहे, तर एकजण म्हणाली, 'अगं बाई, येऊन कुठे राहिलीस?' वसतिगृहाचा जिना हसला. वर्षभर मी बोलण्याआधी वाक्य मनात एकदा म्हणून बघत असे. आत्याला मी तेच परत केले, जिने मला काही केले नव्हते तिला. हे मला आता दिसते. तेव्हा गंमत वाटली होती.

तुझ्या प्रश्नाबद्दल. अहवालात जे आहे ते मी तुला उतरवून पाठवले आहे.

बाकीचे लिहिते. खिडक्यांना गज बसले. दालन आता इतर शाळांसारखे दिसते. परवा सगळे गेल्यावर मी गुडघ्यांवर बसून पाहिले. माझी उंची तेव्हा तीन फूट दोन इंच भरली, टेप लावून पाहिली. त्या उंचीवरून खिडकीतून कडुनिंबाचा बुंधा, फाटकाचा खालचा अर्धा भाग आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय दिसतात. म्हणजे रस्त्याकडे कोण चालले आहे ते सर्वांत स्पष्ट मुलांनाच दिसते. माझ्या खुर्चीतून दिसत नाही. तू हे मुद्दाम केले होतेस का, की आपोआप झाले?

एक नवीन मुलगी आली आहे. तिला छत्रीचीच खुंटी हवी म्हणते. बाकी कोणतेही चित्र दाखवले तर मान हलवते. रुखमाबाई म्हणाल्या, 'देऊन टाका नं बाई, लेकरू हाय, त्याले काय समजते.' रुखमाबाई पाणी भरतात, झाडतात, मुलांची नाके पुसतात. त्या बरोबर बोलतात असे मला नेहमी उशिरा कळते. मी अजून दिली नाही.

प्रेमिला बोलत नाही. सायकलरिक्षावाले भैयाजी आहेत ना, त्यांची मुलगी, पाच वर्षांची. घरी बोलते म्हणतात. शाळेत पोळ्यापासून एक शब्द नाही. पूर्वी तिला गप्प बसवावे लागे. तहान लागली तर नळाकडे बोट दाखवते. मी जवळ गेले की ओठ आत घेते.

भैयाजींनी परवा विचारले, 'बाई, पोरीनं काही चूक केली का?' मी नाही म्हणाले.

तुझी,
चारू


पारशिवनी
२० नोव्हेंबर १९६८

बाईले पंचफुलाचा नमस्कार.

मी इथं बरी आहो. तुमी मागचं माझं पत्र लाल पेनानं सुधारून वापस पाठवलं होतं ते मी पेटीत ठेवलं. यकवीस चुका होत्या. पहिले लाज वाटली, मंग मोजल्या, मंग हासू आलं. हे पत्र बी सुधारान तर सुधारा, पण आधी वाचून घ्या, काम जरुरी हाय.

मुकुंददादाचा नकाशा आला. बाई, हा बालवाडीचा नकाशा हाय का तुरुंगाचा? खिडकी पाच फुटावर, तिले गज. कडी पाच फुटावर. फळ्या साऱ्या वर. लेकराले वाटी पाह्यजे तर मले मांग, खडू पाह्यजे तर मले मांग, मुताले जायचं तर मले मांग. मंग मी शिकवू कवा? बापूजी सरपंचानं नकाशा उलटा धरला, सुलटा धरला अन् म्हणते का, 'पंचफुला, हे तं आमचं कोठारच हाय. धान्य भरलं तसे पोट्टे भर अन् कवाड लाव. याच्यासाठी भोपाळले काहून लिहिलं?' सारे हासले. मी नकाशा गुंडाळून घरी आली.

तारा गेली ते मले रुखमाबाईनं कळवलं. मी तीन दिवस भाकर नाही थापली. पण बाई, मी त्या दालनात चार वर्षं काढली. कडीनं कोणी नाही गेलं. कितीदा तरी कोणी फाटकाकडे निघालं, अन् हरदम कोणी ना कोणी बोंबलत आलं, बाई अमका चालला, बाई ढमकी चालली. ती प्रेमिला तं लय चोंबडी. माशी उडाली तरी सांगे. त्या दिवशी ती आली नव्हती का शाळेत?

तुमी दादाले सांगा. तुमचं ते ऐकतात. भिंत अजून कच्ची हाय, माघ महिन्यात कवाडं बसवतील. त्याच्या पहिले सांगा. एकदा बसलं का मंग माझ्या जन्मात काही ते खाली येत नाही.

तुमची,
पंचफुला


भोपाळ
१५ डिसेंबर १९६८

चि. चारूस,

आशीर्वाद.

पंचफुलाच्या नकाशाबद्दल तुझी चिठ्ठी मिळाली. तू लिहितेस, 'कडी खाली घ्यावी असे मला वाटते.' का वाटते ते लिहीत नाहीस. माझ्या कडीने एक मूल गेले असा कागद तुझ्या सहीनिशी आहे. त्याच सहीने दुसरी कडी खाली घे म्हणतेस. मी कोणती सही धरू?

इथल्या एका कारखान्याच्या वसाहतीत बालवाडी व्हायची होती, त्याचे काम माझ्याकडे आले होते. मी ते परत केले. साहेबांनी कारण विचारले. डोळे कमजोर झाले असे सांगितले.

मी तुला सप्टेंबरात एक प्रश्न विचारला होता. पुन्हा विचारत नाही.

मुकुंददादा


लकडगंज, नागपूर
११ जानेवारी १९६९

प्रिय मुकुंददादा,

या पत्राचे तीन मसुदे फाडले. त्यांत मी बरी दिसत होते. हा चौथा आहे.

एकाने पाहिले होते आणि एक सांगायला आले होते. प्रेमिला.

मंगळवार होता. मी खुर्चीत बसून कागदी बैलांच्या झुली कातरत होते आणि दहा-बारा मुले भोवती बसली होती. प्रेमिला खिडकीत होती. ती धावत आली आणि म्हणाली, 'बाई, तारा भाईर जाऊन राहिली.'

नियमाप्रमाणे आली होती. तू ठरवलेस, मी गाण्यातून शिकवले, त्याप्रमाणे.

मी मान वर केली नाही. म्हणाले, 'जाऊन कुठे राहिली गं? मामाकडे?'

मुले हसली. हे माझे नेहमीचे आहे, दादा. सोळा वर्षे मी हे करते आहे. कोणी 'खाऊन राहिलो' म्हटले की 'खाऊन कुठे राहिलास?' मुलांना तो खेळ वाटतो, निदान ज्याच्यावर वेळ आलेली नसते त्यांना. नीट बोलल्याशिवाय मी उत्तर देत नाही.

ती म्हणाली, 'नाही बाई, जाऊन राहिली, ते...'

मी म्हणाले, 'मग मामाने चहा दिला का?' पुन्हा हसली. या वेळी मीही हसले.

तिने हात केला फाटकाकडे. मी म्हणाले, 'हात नाही, तोंड. बाहेर जात आहे. म्हण.' तिने प्रयत्न केला. 'तारा... भाई... बाहेर...' तिथे अडकली. मी वाट पाहिली. मुलाला वेळ द्यावा, घाई करू नये, असे पुण्यात शिकवले होते. मी झुलीचा कोपरा कातरत वाट पाहिली. मग तिने डोळे मिटले आणि एका दमात म्हणाली, 'बाई, तारा बाहेर जात आहे.'

मी म्हणाले, 'शाब्बास.'

शाब्बास म्हटल्यावर मला त्या वाक्याचा अर्थ कळला. तोवर रस्त्यावर बंडीवाला ओरडत होता.

तू हिशेबाचा माणूस आहेस म्हणून हेही लिहिते. नंतर एका रविवारी मी रिकाम्या दालनात घड्याळ समोर ठेवून ती सगळी वाक्ये म्हणून पाहिली, थांबण्यासकट. बेचाळीस सेकंद. दारापासून फाटकापर्यंत लहान पावलांनी चालून पाहिले. बावीस सेकंद. ठेला पलीकडे होता आणि ती अलीकडे कडेला उभी राहिली होती, असे ठेलेवाल्याने सांगितले. पहिल्या शब्दाला उठले असते तर पोहोचले असते का? नाही, असे उत्तर यावे म्हणून मी चार वेळा मोजले. चारही वेळा पोहोचले.

समितीपुढे मनोहररावांनी विचारले, 'कोणाच्या लक्षात नाही आलं?' त्यांच्या विचारण्यातच उत्तर होते. मी मान डोलावली. सही केली. त्या रात्री रोजनिशीत लिहिले, 'कोणाच्याही लक्षात आले नाही.' रोजनिशीसुद्धा! ती कोण वाचणार होते? वीस वर्षे मी ती खरे लिहिण्यासाठी लिहिते असे समजत होते.

आणि प्रेमिला गप्प आहे. मी तिला समजून घेण्याचा आव आणते. भैयाजींना सांगते, लहान मुलांना धक्का बसतो. तिला धक्का बसलेला नाही. तिला वाटते, आपण चुकीचे बोललो म्हणून तारा मेली. हे तिने सांगितले नाही, पण तिच्या जागी मी असते तर मला तसेच वाटले असते. पुण्याच्या त्या जिन्यात मला तसेच वाटत असे, आणि तिथे कोणी मेलेही नव्हते.

तुझी कडी चुकली नाही. तुझे कुलूपही त्या दिवशी लागत होते. ते मी लागू दिले नाही. चार महिने तू स्वतःला दोष देतोस, डोळे कमजोर झाले म्हणतोस, ते माझ्यामुळे. पंचफुलाची दारे माघात बसतील. आज पौषातली अष्टमी आहे.

हे लिहून मला हलके वाटलेले नाही. काहीच वाटलेले नाही. ते तुला कळावे म्हणून लिहिते, क्षमा मागण्यासाठी नाही.

चारू


भोपाळ
२९ जानेवारी १९६९

चि. चारूस,

पत्र वाचले. मग आठ दिवस कपाटात ठेवले.

मला तुझा राग आला आहे. किती दिवस राहील ते माहीत नाही. चार महिने मी झोपेत ती कडी वर-खाली करत होतो. हे तू एका ओळीत थांबवू शकत होतीस.

पंचफुलाला नवा नकाशा काल रजिस्टरने पाठवला. कडी दोन फूट चार इंच, खिडकी दीड फूट. फाटकाला मात्र या वेळी वर कडी घातली आहे आणि ते मुले आल्यावर लगेच लावायचे, उशिरा येणाऱ्याने हाक मारायची, असे कडेला लिहिले आहे. ती चूक माझीही होती. फक्त शब्दावर सोडू नये. शब्द ऐकणारे माणूसच असते.

तू विचारले होतेस, मुलांना फाटक दिसते आणि खुर्चीतून दिसत नाही, हे मुद्दाम केले का. खिडकीची उंची मुद्दाम होती. खुर्चीचा विचार मी केलाच नव्हता. बाई खाली बसतील असे धरले होते.

मला सांगून काय उपयोग? समितीला सांग. ताराच्या घरी सांग. सर्वांच्या आधी त्या पोरीला सांग.

आईला मी काही सांगितलेले नाही. ती अजून विचारते, तू जेवून राहिली का.

मुकुंददादा


लकडगंज, नागपूर
३ मार्च १९६९

प्रिय मुकुंददादा,

सप्रेम नमस्कार.

तू म्हणालास त्या क्रमाने झाले नाही. सोपे होते ते आधी केले.

समितीत मी लेखी निवेदन वाचले. मनोहरराव ऐकून घेतल्यावर म्हणाले, 'बाई, आता काहून उकरून राहिल्या? कडी वर गेली, लोक शांत झाले. तुमी निवेदन फाईलमंदी ठेवा, अहवाल आहे तसा राहू द्या.' तसे झाले. राजीनामाही दिला. तो एप्रिलपर्यंत घेता येत नाही म्हणाले, दुसरी बाई मिळत नाही. परत येताना माझ्या लक्षात आले की मनोहरराव 'उकरून राहिल्या' म्हणाले आणि मी त्यांना सुधारले नाही. अध्यक्षांना मी कधीच सुधारले नाही. ज्यांचा हात साडेचार फुटांपर्यंत पोहोचतो अशा एकालाही सुधारल्याचे मला आठवत नाही. अपवाद दोनच, आत्या आणि पंचफुला; बाकी सगळी मुलेच.

ताराच्या घरी गेले. तिचे वडील चंपतराव टालावर कारकून आहेत. त्यांनी मला बसायला पाट दिला. मी सांगत होते तेव्हा आई आत तांदूळ निवडत होती. मधे तिचा हात थांबला आणि पुन्हा सुरू झाला. चंपतरावांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, 'आमची तारा बी तशीच बोलत होती, बाई.' मी हो म्हणाले. तिलाही मी कितीदा विचारले होते, कुठे राहिलीस म्हणून. ते त्यांना माहीत होते की नाही, मी विचारले नाही. निघताना ते दारापर्यंत आले. जा म्हणाले नाहीत, या म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी छत्रीची खुंटी त्या नवीन मुलीला दिली.

पंचफुलाचे कार्ड आले. दारे बसली. बापूजी सरपंच स्वतः वाकून कडी काढून आत गेले आणि कपाळ आपटून घेतले म्हणते. कार्डात चौदा चुका होत्या. म्हणजे पूर्वी मी ज्यांना चुका म्हटले असते अशा चौदा जागा. मोजण्याची सवय गेलेली नाही.

प्रेमिलेचे शेवटी. तिला सांगायला मला महिना लागला.

परवा भैयाजींना यायला उशीर झाला. सगळी मुले गेली होती. रुखमाबाई मागे भांडी घासत होत्या. प्रेमिला दप्तर घेऊन दाराशी बसली होती आणि कडीच्या जुन्या भोकांत बोट घालत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. माझे डोके तिच्या डोक्याइतके झाले. तिथून खिडकीतून फाटक दिसत होते.

मी म्हणाले, 'प्रेमिला, त्या दिवशी तू मला सांगितलंस. पहिल्याच वेळी बरोबर सांगितलंस. तुझे शब्द मला पहिल्याच वेळी समजले होते. तुझी काही चूक नव्हती.'

ती भोकाकडे बघत राहिली. मला वाटले, झाले, एवढेच होणार. मी उठायला हात टेकला. तेव्हा ती बोलली. सहा महिन्यांनी आवाज जरा घोगरा आला.

'मंग तुमी काहून नाही उठल्या?'

तुला, समितीला, चंपतरावांना मी जे सांगितले त्यात याचे उत्तर होते. पुणे होते, जिना होता, सोळा वर्षांची सवय होती. त्यातले काहीच तीन फूट उंचीच्या माणसाला सांगता येण्यासारखे नव्हते. ती वाट पाहत होती. घाई करत नव्हती.

मी म्हणाले, 'मी हसून राहिली होती.'

ती हसली नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि मान डोलावली, उत्तर मिळाल्यासारखी. मग रस्त्यावर भैयाजींच्या रिक्षाची घंटी वाजली. ती उभी राहिली, दप्तर खांद्याला लावले, आणि वर कडीकडे पाहिले.

'बाई, मी घरी जाऊन राहिली,' ती म्हणाली.

मी लगेच उठले आणि कडी काढून दिली.

तुझी,
चारू